जर्मनीत स्पेस सायन्स : ईअँडटीसीवाल्यांचं फिजिक्स कसं मोजतात?

ब्रेमेन विद्यापीठाच्या स्पेस सायन्सेस अँड टेक्नॉलॉजीज एमएस्सीला अर्ज करायचाय. पुणे विद्यापीठातून ईअँडटीसीत (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) बीई, सध्या एम्बेडेडमध्ये नोकरी. अमेरिकेचा विचार सोडला. आयटारच्या (शस्त्रं-संरक्षण तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरच्या अमेरिकी) नियमांमुळे परदेशी विद्यार्थ्यांना उपग्रहाच्या हार्डवेअरवर काम मिळणं अवघड. एपीएस सर्टिफिकेट (जर्मनीसाठी लागणारी पदवीची पडताळणी), आयईएलटीएस हातात आहे. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटचे वर्षाचे ११,९०४ युरोही जमतील, म्हणून कन्सल्टन्सीचे नंबर कृपया नकोत.

अडलंय ते फिजिक्सपाशी: प्रवेशाच्या वेळी पदवीत फिजिक्स किती झालंय, ते मोजतात. मार्कशीटवर 'इंजिनिअरिंग फिजिक्स' पहिल्या वर्षी एकदाच. पुढे इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, अँटेना, सिग्नल्स आहेत, पण कॉलेजच्या सिलॅबसमध्ये युनिटची नुसती शीर्षकं. इंजिनिअरिंगमधून तिकडे गेलेल्यांनी सांगा: इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स फिजिक्समध्ये धरलं गेलं का? आणि विषयांचं सविस्तर वर्णन स्वतः लिहून विभागप्रमुखांची सही-शिक्का घेतला तर चालतो का?