मका मशीनमधून दाणा फुटून येतोय, मदत हवी

राम राम मंडळी. आम्ही सिल्लोड तालुक्यातले, तीन एकर मका आहे. कणसं खुडून, पाला काढून खळ्यावर ढीग पडलाय आणि नेमकं आत्ताच मशीन त्रास देतंय.

कणसातून दाणे काढायचं मशीन, छोटंच आहे. दोन एचपीची सिंगल फेज मोटर, दात्यांचा ड्रम, खाली जाळी, बाजूला पंखा. चार हंगाम कुरकुर न करता चाललं. काल पहिल्या पोत्यात हात घातला तर मुठीत आठ-दहा दाणे फुटलेले. बुरकुंड, म्हणजे दाणे निघाल्यावर उरणारा कणसाचा दांडा, आधी अख्खं बाहेर पडायचं, आता बोटभर तुकडे येतात आणि त्याचा चुरा मक्यात मिसळतो. पंखा चांगले दाणेही भुसात फेकतोय. आई सकाळपासून सूप घेऊन तो भुसा पाखडत बसलीय, आणि मला काय काय ऐकवतेय ते इथे लिहीत नाही.

ड्रम आणि जाळीतलं अंतर वाढवून पाहिलं. फूट जरा कमी झाली, पण मग दाणे बुरकुंडालाच चिकटून राहायला लागले. म्हणून परत होतं तिथे आणलं. असा माल नेला तर व्यापारी भाव पाडणार. घरी ठेवावा तर फुटक्या दाण्याला सोंडे आधी लागतात.

बांधावरचा: ओल किती आहे? ओली मका चेंगरते, कडक वाळलेली तडकते.

धागाकर्ता: मीटरवर १४ टक्के आली. तिथे गडबड नसावी.

गावठी इंजिनिअर: मशीनचा आवाज बदललाय का? मोटर तीच आहे ना?

धागाकर्ता: आवाज शिट्टीसारखा येतो. बेअरिंग असेल म्हणून ग्रीस भरलं, फरक नाही. मोटर उन्हाळ्यात जळाली. वाइंडिंगवाल्याकडून जुनी घेऊन बसवली, तीही दोन एचपीच. बेसची भोकं तेवढी जुळेनात, नवी पाडली. पुली जुनीच.

गावठी इंजिनिअर: भोकं जुळली नाहीत तिथेच थांबायला हवं होतं भाऊ. मोटरची पाटी पुसून फेरे बघा.

धागाकर्ता: डिझेलच्या बोळ्याने पुसली. २८८० लिहिलंय.

गावठी इंजिनिअर: सापडलं. तुमची जळालेली मोटर १४४० ची असणार. पुल्या किती इंची?

धागाकर्ता: मोटरला ४, ड्रमला ८.

गावठी इंजिनिअर: म्हणजे आधी ड्रम मिनिटाला ७२० फेरे मारत होता, आता १४४०. एचपी सारखा असला म्हणून फेरे सारखे नसतात. दाणा फुटणं, बुरकुंडाचा चुरा, भुसात दाणे, सगळं त्यातूनच, कारण पंखाही त्याच शाफ्टवर. कणसं टाकली की मोटर दमत असेल, तेही त्यामुळेच. आधी मशीन बंद करा. तो ड्रम एवढ्या वेगासाठी बनवलेला नाही. एखादा दाता निसटला तर समोर उभ्या माणसाचं काय होईल?

बांधावरचा: मोटरला २ इंची पुली लावली तर?

गावठी इंजिनिअर: हिशोबात बसतं, पण एवढ्या लहान पुलीवर पट्टा घसरतो आणि जळतो. मोटरच बदला. आणि बसवताना दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून बघा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे.

धागाकर्ता: वाइंडिंगवाल्याने कुरकुरत १४४० ची बदलून दिली, वर सातशे रुपये घेतले. बेसच्या जुन्या भोकांवर बरोब्बर बसली. मी पाडलेली चार भोकं आता नुसतीच दिसतायत. दुपारपासून सहा पोती काढली, बुरकुंड अख्खं पडतंय. आईने सूप ठेवलं, पण भुसा एकदा चाळून बघितलाच.