मदत हवी आहे: ओढ्याचं पाणी मॉडेलमध्ये कायम रस्त्यावरच चढतंय (तातडीचं!)

घाईतला: पूरनियोजनासाठी ओढ्याचा सर्व्हे केलाय. क्रॉस-सेक्शन (ओढ्याचे आडवे छेद) घातले, मोऱ्या घातल्या, तरी दोन नंबरच्या मोरीवर जरा विसर्ग वाढवला की पाणी रस्त्यावर. मॅनिंगचा एन (ओढ्याच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०३५ चा ०.०३० करून पाहिला, ढिम्म फरक नाही. परवा अहवाल द्यायचाय. कुठे चुकतंय?

गाळमिश्रित: मोरी पाइपची की स्लॅबची? मोजलं कशाने? सेक्शन नेमके कुठे घेतलेत? प्रत्येक मोरीपाशी किमान चार लागतात. वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक, आणि दोन्ही बाजूंना प्रवाह मोकळा पसरलेला असतो तिथे एकेक.

उडता_डोळा: ड्रोन लावा. दोन तासांत अख्खा ओढा हातात. मी तर स्टाफ (उंची मोजायची आकड्यांची काठी) धरणंच सोडलंय.

गाळमिश्रित: ड्रोन मोरीत शिरतो का? फोटोवरून झुडपांचे शेंडे मिळतात, तळ नाही.

उडता_डोळा: लायडार (लेसरने मोजणी) असेल तर झुडपातूनही जमीन मिळते. वाचत जा जरा.

गाळमिश्रित: आणि स्लॅबखालची?

जुना_जाणता: विसर्ग रॅशनल सूत्राने काढावा. सी गुणिले आय गुणिले ए, भागिले ३६०. सी म्हणजे पावसाचा किती भाग वाहून येतो तो गुणांक. ए हे क्षेत्र हेक्टरमध्ये, आय ही पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये. उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. आम्ही हे कागदावर करायचो.

घाईतला: काका, विसर्ग दिलेलाच आहे, तो मी विचारलेला नाही. मोरी स्लॅबची, मोजलं ऑटो लेव्हलने (आडवी नजररेषा देणारी दुर्बीण). सेक्शन पुरेसे आहेत हो.

तिपाई: मॉडेलमध्ये त्या मोरीची उंची किती भरलीत?

घाईतला: ०.३६ मीटर.

तिपाई: आत गेला होतात?

घाईतला: गेलो की, वाकून. कोळिष्टकं तोंडाला लागली.

तिपाई: ३६ सेंटीमीटरमधून वाकून? मांजर आहात का? स्लॅबच्या खालच्या बाजूचं रीडिंग कसं घेतलंत?

घाईतला: स्टाफ उलटा करून बूड स्लॅबला टेकवलं. तळाचं रीडिंग ०.९८, स्लॅबचं ०.६२. दोन्ही नेहमीसारखी एचआयमधून (नजररेषेच्या पातळीतून) वजा केली.

तिपाई: तिथेच घोळ आहे. स्लॅब नजररेषेच्या वर, म्हणून उलट्या स्टाफचं रीडिंग मिळवायचं. मोरीची उंची ०.९८ अधिक ०.६२, म्हणजे १.६० मीटर. तुमचा स्लॅब १.२४ मीटर खाली आला आणि मोरी जवळजवळ बुजली. मग एन कितीही हलवा. फील्डबुकात उलट्या रीडिंगला तिथल्या तिथे उणे चिन्ह घालत जा.

घाईतला: अरे देवा. थांबा, चालवून बघतो.

घाईतला: दोन नंबर सुटली! आता चार नंबरवर चढतंय. ती पाइपची आहे.

गाळमिश्रित: पाइपचा तळ मोजलात की आतल्या गाळाचा माथा? सळई खुपसून बघा. आणि रस्त्याची पातळी किती ठिकाणी घेतलीत?

घाईतला: एकाच. पाइपच्या बरोबर वर.

गाळमिश्रित: पाणी पाइपच्या डोक्यावरूनच जाईल असं थोडंच आहे? रस्ता जिथे खोलगट, तिथून आधी ओलांडेल. दोन्हीकडे पुराच्या पातळीच्या वर जाईपर्यंत रस्त्याची रेघ मोजा.

उडता_डोळा: ड्रोन!

गाळमिश्रित: रस्त्यासाठी चालेल. मोरीसाठी नाही.

उडता_डोळा: 'चालेल' म्हणालात. स्क्रीनशॉट काढलाय.

जुना_जाणता: सी ची किंमत मात्र कोणीच विचारली नाही.

घाईतला: उद्या सकाळी सळई घेऊन जातो. अहवाल परवाच आहे हो.