परदेशी शेजाऱ्याला घरी बोलवणं: विश्वासाचा भाग की नसती जोखीम?

तापीकाठ
सलाम. परदेशातून शिकायला आलेला मुलगा आपल्या गल्लीत खोली घेतो, आपण लांबूनच हसतो आणि दार लोटून घेतो. बायबलच्या इब्री 13:2 मध्ये पाहुणचारासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'फिलोक्सेनिया', म्हणजे परक्यावरची प्रीती. लेवीय 19:34 तर थेट सांगतं, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसरात परके होता. नाताळात केकचा डबा देऊन हे भागत नाही. महिन्यातून एकदा तरी घरी जेवायला बोलवा.

आणि आधी विचारून बोलवा. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, मुलगा असेल, तर पुनरुत्थानाच्या सणानंतरचे पन्नास दिवस सोडले की बुधवार-शुक्रवार त्याचा उपास. मांस, अंडं, दूध, तूप काहीच चालत नाही. आपली कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचं ताटभर भरीत त्याला अगदी चालतं. फक्त भाकरीवर तूप घालू नका, ताकाचा पेला ठेवू नका. शेंगदाण्यांचं मात्र कुणालाही विचाराच. भरितातले अख्खे दाणे दिसतात, ठेच्यात कुटलेले दिसत नाहीत, आणि ॲलर्जी असली तर काही मिनिटांत घसा सुजतो.

पांझरा
भावना मान्य, क्रम मान्य नाही. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला जातात, मुलांची शाळा सुटते. त्यातली काही आपल्याच मंडळीतली. त्यांच्या दारी आपण किती वेळा गेलो? गलतीकर 6:10 म्हणतं, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं बरं करा. शिवाय धर्मांतराच्या वादाने इकडचं वातावरण तापलेलं असतं. चर्चच्या आवारात परदेशी चेहरा दिसला की कुजबुज सुरू होते आणि उत्तरं पाळकांना द्यावी लागतात.

लळिंग
भीती खरी आहे, पण ती नियम न पाळल्याने वाढते. जेवायला बोलवायला कुठलाच कागद लागत नाही. रात्री मुक्काम झाला की लागतो: परदेशी माणूस आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती, ज्याला पूर्वी 'सी फॉर्म' म्हणत, ऑनलाइन भरायची. हे लॉजलाच लागू आहे असं समजून लोक चुकतात, खाजगी घरालाही लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाचं पान समोर ठेवूनच भरा, नावातलं एक अक्षर चुकलं तरी पुढे अडतं. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला 14 दिवसांत नोंदणी करावी लागते आणि तिथे राहण्याचा पुरावा मागतात. घरमालक भाडेकरार द्यायला टाळाटाळ करतो, तिथेच मुलगा अडकतो. मंडळीतल्या कुणी मालकाशी मराठीत बोलून करार करून दिला, तर ते दहा जेवणांच्या तोडीचं काम आहे.

दोन चुका मात्र कटाक्षाने टाळा. पाहुणा उपासनेला बसू शकतो, पण त्याला पुढे बोलावून संदेश द्यायला लावू नका, पत्रकं वाटायला देऊ नका. व्हिसाच्या अटीत धर्मोपदेश बसत नाही. प्रेमाने आग्रह आपण करतो, व्हिसा त्याचा जातो. दुसरी चूक अर्पणाच्या थैलीची. परदेशी नागरिकाने रुपयांत टाकलेली नोटही परकीय देणग्यांच्या 2010 च्या कायद्याने (एफसीआरए) परकीय देणगीच ठरते. मंडळीची त्या कायद्याखाली नोंदणी नसेल तर थैली त्याच्यापुढे नेऊच नका, आणि का नेली नाही ते त्याला आधीच सांगा, म्हणजे अपमान वाटणार नाही.

तापीकाठ
लळिंग, थैलीचं डोक्यातच आलं नव्हतं. आभार.
पांझरा, गलतीकरातलं ते वचन 'सर्वांचं बरं करा' असं सुरू होतं. आणि इथिओपियात ख्रिस्ती राजा चौथ्या शतकात झाला. तिथला विश्वासणारा घराण्याबाहेरचा कसा? अनुवाद 24:19 बघा, शेतात विसरलेली पेंढी परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायची. तिघं एकाच ओळीत, आधी-नंतर नाही. सरवा (कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं) वेचणारी रूथ मवाबी, म्हणजे परदेशीच होती, आणि मत्तय 1:5 मध्ये ती प्रभूच्या वंशावळीत आहे. धुळे-नंदुरबारच्या मंडळ्यांच्या उभारणीत स्वीडिश मिशनरी होते. तेही इथे परकेच होते, आणि त्यांना कुणीतरी ओसरीवर बसवलंच.

पांझरा
रूथचा दाखला पटला. पण तिने बवाजाच्या शेतात दिवसभर राबून सरवा वेचला, हेही त्याच अध्यायात आहे. मंडळीच्या फंडाबाबत मी हटणार नाही. तो आधी ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी, म्हणजे आई-बाप उसाच्या फडात असताना मुलांना गावातच ठेवून शाळा चालू राहील यासाठी. परदेशी पाहुण्याचं ताट ज्याने त्याने आपल्या घरातून वाढावं. माझ्या मते बुधवारी बोलवा, भरीत तेलातच होतं. आणि सोबत ऊसतोडीहून परतलेलं एक घरही त्याच पंगतीला बसवा.