मदत हवी आहे : ग्राफिक्स कार्डाचा हॉटस्पॉट १०५ अंशांवर जातो, दोष उन्हाळ्याचा की थर्मल पेस्टचा?

नमस्कार. घरच्या संगणकातील ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. कार्ड आरटीएक्स ३०६० चिपचे, १२ जीबीचे आणि दोन पंख्यांचे आहे. मी त्यावर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घरांच्या अंतर्गत सजावटीची दृश्ये रेंडर करतो, म्हणजे त्यांची अंतिम चित्रे तयार करतो, त्यामुळे ते कित्येकदा सलग काही तास १७० वॉटच्या मर्यादेला टेकून चालते. मी नागपुरात राहतो आणि सध्या दुपारी बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो, म्हणून सुरुवातीला मी सगळा दोष उन्हाळ्यालाच दिला होता. आता मात्र आकडे तसे सांगत नाहीत.

जानेवारीत खोलीचे तापमान २२ अंश असताना एका ठरावीक दृश्याच्या रेंडरमध्ये एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर चिपचे मुख्य तापमान ६६ आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपमधील सर्वांत गरम जागेचे तापमान, ७९ अंश दाखवत असे. आज कूलर लावूनही खोलीत ३४ अंश आहेत आणि तेच दृश्य चालू असताना मुख्य तापमान ७९, तर हॉटस्पॉट १०५ अंश दिसतो. पंखे जवळपास पूर्ण वेगाने फिरतात, तरी क्लॉक (चिपचा वेग) मध्येच घसरतो आणि रेंडरला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

माझा तर्क असा आहे : वीज तेवढीच आणि पंख्यांचा वेग तेवढाच असेल, तर खोली जितके अंश तापेल साधारण तितकेच अंश कार्डही तापायला हवे. खोली १२ अंशांनी तापली आणि मुख्य तापमान १३ अंशांनी वाढले, हे त्यात बसते. परंतु मुख्य तापमान आणि हॉटस्पॉट यांच्यातील अंतर १३ वरून २६ वर गेले, त्याचा खोलीशी संबंध लागत नाही, कारण हे दोन्ही आकडे एकाच चिपमधून येतात आणि खोलीची उष्णता दोघांनाही सारखीच लागू होते.

ब्लोअरने कार्डाच्या हीटसिंकमधील (चिपची उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांमधील) व कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवरील धूळ काढली. कॅबिनेटची बाजूची काच उघडून पाहिली, तेव्हा मुख्य तापमान तीन-चार अंशांनी उतरले, पण अंतर तसेच राहिले. यावरून चिप आणि हीटसिंक यांमधील उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट कोरडी पडली असावी किंवा सततच्या तापण्या-निवण्याने कडेला सरकली असावी, असे मला वाटते. अडचण अशी की कार्डाची वॉरंटी अजून काही महिने शिल्लक आहे आणि मागच्या एका स्क्रूवर कंपनीचे स्टिकर आहे; ते फाटले तर वॉरंटी जाईल अशी भीती वाटते. पेस्ट स्वतः बदलावी का, की त्याआधी आणखी काही तपासता येईल? आणि कूलरची दमट हवा संगणकाला घातक आहे का? घरातील वडीलधाऱ्यांना ती भीती वाटते.

प्रतिसाद :

आपला तर्क मला योग्य वाटतो. बहुतेक निरोगी कार्डांत हे अंतर १० ते १५ अंशांच्या आसपास असते. पूर्ण भाराखाली ते २५च्या पुढे गेले, तर चिपच्या एखाद्या भागावर हीटसिंक नीट टेकत नाही असे समजावे. मात्र पेस्ट हे त्याचे एकच कारण नव्हे. जड हीटसिंक आडव्या कार्डावर लटकत राहिल्यानेही दाब असमान होतो. त्यासाठी संगणक बंद करून कॅबिनेट असे आडवे ठेवा की कार्ड उभे राहील, आणि तेच दृश्य पुन्हा रेंडर करा. अंतर बरेच कमी झाले, तर दोष दाबाचा आहे आणि कार्डाखाली आधार देऊन भागू शकेल. फरक पडला नाही, तर पेस्टवरील संशय पक्का होतो.

स्टिकरला आत्ता हात लावू नका. आधी हे आकडे आणि स्क्रीनची चित्रे जोडून कंपनीला लिहा. तोपर्यंत आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाची विजेची मर्यादा, ७५ टक्क्यांवर आणा. वीज जितकी कमी, तितकी खोलीच्या वरची तापमानवाढ जवळपास त्याच प्रमाणात कमी होते, आणि रेंडरचा वेग मात्र त्या मानाने फारच थोडा उतरतो. जमल्यास अंडरव्होल्टिंग (चिपला कमी व्होल्टेजवर चालवणे) त्याहून चांगले, परंतु प्रत्येक बदलानंतर लांब रेंडर पूर्ण होतो याची खात्री करून घ्या.

पुढे कार्ड उघडण्याची वेळ आलीच, तर मेमरीवरील थर्मल पॅडची (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्यांची) जाडी मोजल्याशिवाय नवे पॅड लावू नका, कारण जाड पॅडमुळे हीटसिंक चिपपासून उचलला जातो आणि हॉटस्पॉट आणखी वाढतो. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले थोडे थोडे करून आवळावेत. पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) वापरू नका. ते वीज वाहते आणि ॲल्युमिनियम खाते.

कूलरविषयी घरच्यांना सांगा की पाणी साचते ते हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर, आणि चालू संगणकाचे भाग खोलीपेक्षा गरम असतात. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, कारण त्यातून पाण्याचे तुषार उडू शकतात. मात्र खिडकी बंद ठेवून कूलर चालवला, तर दमटपणा वाढतो आणि कूलर खोली थंड करेनासा होतो; हवेला बाहेर जायला वाट असू द्या.

धागाकर्त्याचे उत्तर :

मनापासून आभार. कॅबिनेट आडवे ठेवून तेच दृश्य रेंडर केले. अंतर २६ वरून २४ वर आले, म्हणजे दाबाचा वाटा फारसा नाही. पॉवर लिमिट ७५ टक्के केल्यावर मुख्य तापमान ६८ आणि हॉटस्पॉट ८७ अंशांवर थांबला, आणि क्लॉकची घसरगुंडीही थांबली. कंपनीला आकड्यांसह पत्र पाठवले आहे. कार्ड तपासणीला द्यावे लागले, तर परत आल्यावर याच दृश्याचे आकडे खोलीच्या तापमानासह येथे लिहीन, म्हणजे याच चिपचे कार्ड वापरणाऱ्यांना आपले आकडे पडताळून पाहता येतील.