लॅपटॉप गोठला की ग्राफिक्स कार्डाला शिव्या: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

कर्नलकाका
लिनक्सवर स्क्रीन गोठली असं कुणी म्हणायचा अवकाश, लगेच तेच ते सल्ले. ग्रबमध्ये, म्हणजे बूट होतानाच्या मेन्यूत, नोमोडसेट टाका, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर उडवा, नाहीतर फॉरमॅट मारून मोकळे व्हा. माझं मत: काय अडकलंय हे बघितल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

माऊस हलेना म्हणजे मशीन गेलं असं नसतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे, अडकलाय तो डेस्कटॉप. नाही आलं तर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, शिरता येतंय का बघा. रीस्टार्टनंतर जर्नलसीटीएल या कमांडला -बी -१ देऊन आधीच्या बूटची नोंद वाचा. 'आऊट ऑफ मेमरी' दिसलं तर रॅम. 'जीपीयू हँग' किंवा एनव्हिडियाची चूक सांगणारं 'एक्सआयडी' दिसलं तर ग्राफिक्स. नुसतं ग्नोम शेल, म्हणजे डेस्कटॉपच, कोसळलेलं दिसलं तर आधी एक्स्टेन्शन बंद करा. ती शेलच्याच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे एक फसलं की शेलला घेऊन बुडतं.

नोमोडसेटने बरं वाटतं, कारण खरा ग्राफिक्स ड्रायव्हर कामालाच लागत नाही. सगळं चित्र काढायचा भार सीपीयूवर. इन्स्टॉल करण्यापुरतं ठीक आहे, कायमचं ठेवायचं औषध नव्हे.

पाचवी_ब_चे_सर
काका, तुमचा छंद असेल, आमचं काम अडतं. उद्या सकाळी पेपर छापायचेत आणि मी एसएसएच करत बसू? लॉगिनच्या पानावर गिअरचं चिन्ह असतं, तिथे नव्या वेलँडऐवजी पडद्यावर चित्र दाखवणारं जुनं एक्सऑर्ग निवडायचं, विषय संपला. उबुंटू लिनक्सनेच १७.१० आवृत्तीमध्ये वेलँड डीफॉल्ट केलं आणि १८.०४ ला परत एक्सऑर्गवर आले. शेल कोसळल्यावर सावरता येत नाही, हे त्यांनी दिलेल्या कारणांतलं एक होतं. त्यांना कळलं ते आम्हाला कळू नये?

कर्नलकाका
सर, तेव्हा बरोबरच होतं. एक्सऑर्गवर ऑल्ट-एफ२ दाबून 'आर' दिलं की ग्नोम शेल पुन्हा उठायचं, उघडलेल्या खिडक्या शाबूत. वेलँडमध्ये शेल हाच डिस्प्ले सर्व्हर, तो मेला की तुमचा अर्धा टाईप केलेला पेपरही गेला. पण २१.०४ पासून उबुंटू पुन्हा वेलँडवर आहे, आणि २५.१० मध्ये ग्नोमचं एक्सऑर्ग सेशनच काढून टाकलंय. गिअरवर क्लिक करून काय निवडणार?

सर
मी २४.०४ वर आहे, एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती. निवडणार आणि झोपणार.

चार_जीबी
एनव्हिडियाला शिव्या द्यायला २०१२ मध्ये लिनक्सचे जनक टोरव्हाल्ड्स यांनी सुरुवात करून दिली, तेव्हापासून लोकांना दुसरा आरोपीच सापडत नाही. आपल्याकडे जुने लॅपटॉप लिनक्सवर येतात तेच मुळी ४ जीबीचे. त्यात ब्राउझरचे टॅब आणि एक व्हिडिओ कॉल. रॅम संपते, स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी वापरायची डिस्कवरची जागा, घुसळायला लागतो, डिस्कचा दिवा विझत नाही, पॉइंटर आचके देतो. लोक म्हणतात, 'ग्राफिक्स गेलं!' फेडोरा लिनक्सने याच त्रासासाठी ३२व्या आवृत्तीत अर्लीऊम आणला, रॅम संपत आली की प्रोग्रॅम मारणारा. उबुंटूने २२.०४ मध्ये तसलाच सिस्टमडी-ऊमडी लावला, तर तो ब्राउझर मारतो म्हणून लोकांनी बंद केला! गोठलेलंही नको, मारलेलंही नको. झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) लावा, जमलं तर रॅमची एक पट्टी वाढवा.

कोरी_नोंदवही
काका, तुमच्या 'आधी नोंद वाचा'ला माझा विरोध आहे. मशीन खरंच कडक गोठलं की नोंद कोरी असते. जर्नल डीफॉल्टने पाच मिनिटांनी एकदा डिस्कवर पक्कं होतं. पॉवर बटण दाबून धरलंत की नेमक्या हव्या त्या ओळी जाऊ शकतात. गोठल्यावर ऑल्ट-सिसआरक्यू धरून एकेक अक्षर दाबायचं जे 'आरईआयएसयूबी' सगळे जपतात, त्यातली पहिली तीन अक्षरं उबुंटूच्या डीफॉल्ट १७६ या सेटिंगवर चालतच नाहीत. एस, यू, बी तेवढी चालतात.

आणि बे ट्रेल आठवा. इंटेलच्या त्या स्वस्त चिपांवरचे लॅपटॉप अधूनमधून ठार गोठायचे, नोंदीत अक्षर नाही. घोळ सीपीयूच्या झोपेच्या पायऱ्यांचा. लोकांना तारलं कशानं? इंटेल-आयडलची मॅक्स-सीस्टेट १ करून. म्हणजे तुम्ही ज्याला नाकं मुरडता त्या ग्रबमध्ये चिकटवायच्या ओळीनंच.

कर्नलकाका
बे ट्रेलचं मान्य. पण ती ओळ त्या चिपेसाठी होती, आणि बॅटरी खाऊन चालायची. आज लोक ती एएमडीच्या रायझन चिपेच्या लॅपटॉपवर डकवतात, जिथे इंटेल-आयडल हा ड्रायव्हर चालतच नाही! परिणाम शून्य, तरी 'आता बरं आहे' म्हणून सांगत फिरतात.

नोंद कोरी असणं हीसुद्धा माहितीच आहे. एसएसएच बंद, कॅप्सलॉकचा दिवा मख्ख, नोंद कोरी: अशा वेळी डेस्कटॉप बदलून फरक पडायची आशा कमी. रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी) लावा, बायोस अद्ययावत करा, जुन्या कर्नलवर बूट करून बघा.

सर
बरं, मग माझं सांगा. नुसता लॅपटॉप कधीच गोठत नाही. वर्गात एचडीएमआयला प्रोजेक्टर लावला की गोठतो. एक्सऑर्गवर कमी, वेलँडवर हमखास. रॅम १६ जीबी. दोन ग्राफिक्स कार्डं आहेत, एक आतलं, एक वेगळं.

कर्नलकाका
बऱ्याच दोन-कार्डी लॅपटॉपांत एचडीएमआयचं तोंड थेट वेगळ्या कार्डाला जोडलेलं असतं. प्रोजेक्टर लावेपर्यंत ते झोपलेलं, लावला की जागं होतं. तुमच्या बाबतीत आधी त्याचाच ड्रायव्हर तपासा.

सर
म्हणजे ग्राफिक्स कार्डच ना?

कर्नलकाका
नोंद टाका, मग बोलू.