मेजावरची गोधडी : आपले अनुभव लिहावेत

चतुर्थीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडली, तेव्हा आईने तुकडे जोडून शिवलेला मेजपोस हाती लागला. त्यात बाबांच्या पायजम्याचे पट्टे आहेत, माझ्या शाळेच्या गणवेशाचा निळा आहे आणि आजीच्या कुणबी साडीची लाल चौकडीही आहे. त्या लालाचा रंग पहिल्याच धुण्यात उतरून शेजारचे पांढरे चौकोन गुलाबी झाले होते, आणि आई मात्र अखेरपर्यंत ती छटा आपण मुद्दाम साधल्याचे सांगत असे. तो पाहून मीही एक शिवायला घेतला आहे. मेज तीस इंचांचे, चारही बाजूंना तीन इंच सोडायचे, म्हणून छत्तीस इंचांचे माप धरले. पाच इंचांचे चौकोन कापले, की दोन्हीकडची पाव-पाव इंच शिवण जाऊन साडेचार उरतात. म्हणजे एका रांगेत आठ आणि एकूण चौसष्ट. हिशेब बरोबर आला, तरीही मधोमध फुगा आलाच.

फोंडा : काही चौकोन तिरके कापले गेले असतील. तिरक्या धाग्यावरचे कापड मशीनखाली ताणले जाते, त्यामुळे तुकडा चौकोनी दिसत असला तरी शिवताना लांबतो. माझी चूक याहून मोठी होती : मी कोरे सुती आणि जुन्या साडीचे तुकडे न धुताच एकत्र शिवले. कोरे पहिल्या धुण्यात आटले, जुने जागचे हलले नाहीत, आणि मेजपोसाला लाडवासारखे उंचवटे आले.

म्हापसा : शिंप्याकडून पिशवीभर चिंध्या फुकट मिळाल्या म्हणून मी हरखले होते. घरी निवडायला बसले तर बहुतेक टेरिकॉट आणि घसरणारे अस्तर निघाले. सुती म्हणावे असे जेमतेम मूठभर. ‘कचरा नेल्याबद्दल त्याने तुला पैसे किती दिले?’ असे घरच्यांनी विचारले.

काणकोण : आत काय घातले ते कोणीच लिहीत नाही! मी पॉलिएस्टरचा थर घातला होता. त्यावर हुमणाचे (माशाच्या कालवणाचे) भांडे चुलीवरून उतरवून थेट ठेवल्यावर तो त्या जागी वितळून कडक झाला. आता मी जुन्या सुती साडीची दुहेरी घडी घालते आणि भांड्याखाली तरीही चुंबळ ठेवते. याहून जाड काही घालू नये, कारण आपल्या पावसाळ्यात ते आठवडाभर सुकत नाही आणि बुरशीचे काळे ठिपके मग जन्मभर जात नाहीत.

फोंडा : चुंबळ माझ्याकडेही होती, ती चोरीला... म्हणजे सुनेने नेली आहे.

सांगे : माझे माहेर कर्नाटकातल्या हल्याळकडचे. तिथल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंद (त्यांची गोधडी) शिवताना एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत येतात आणि मधोमध संपवतात. चार कोपऱ्यांवर घडी घातलेले तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात, आणि त्यांच्याविना कवंद उघडी समजली जाते. सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातूनच तिकडे गेले, हे मला इथे सून म्हणून आल्यावर कळले. मी त्याच पद्धतीने मेजपोस केला. मोजमाप काहीच नसल्याने तो एका बाजूला दोन इंच लांब झाला, परंतु हाताच्या धावदोऱ्यामुळे फुगा मात्र कुठेही नाही.

वास्को : मशीनला सुई कितीची लावावी? माझ्या तीन मोडल्या.

म्हापसा : सोळा नंबरची लावा आणि टाका मोठा ठेवा. त्याआधी वरचा, आतला आणि खालचा असे तिन्ही थर कच्च्या टाक्याने मधून बाहेर असे जोडून घ्या, म्हणजे फुगा कडेला सरकून निघून जातो.

धागा काढणारी (ही चर्चा सुरू करणारी मीच) : मधल्या रांगा आज उसवल्या. फोंड्याचे निदान खरे ठरले, तेरा तुकडे तिरके निघाले. आता चतुर्थीला पाहुण्यांसमोर आईचाच मेजपोस अंथरणार आहे, गुलाबी बाजू दाराकडे करून.