मोबाइलवर संगीत करताना अ‍ॅपच्या दिसण्याला किती महत्त्व द्यावे? (अनुभव धागा)

मोबाइलवर किंवा टॅब्लेटवर संगीत करणारे एकत्र आले की एक मुद्दा हमखास निघतो. काहींच्या मते आवाज चांगला असला की पुरे, पडदा कसा का दिसेना. तर काहींना पडदा मनाला पटला नाही, तर त्या अ‍ॅपमध्ये एक सूरही वाजवावासा वाटत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर दोन सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे वाद्य) अ‍ॅप्स मी तीन वर्षे बरोबरीने वापरली. डोळे मिटून ऐकले असता पहिल्याचा आवाज निःसंशय अधिक भरीव होता, परंतु त्यातला फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारा) एका पानावर, एन्व्हलप (सूर कसा उठतो आणि विरतो ते ठरवणारा) दुसऱ्यावर आणि इफेक्ट तिसऱ्यावर होते. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये हे सारे एका नजरेत येत असे. तीन वर्षांनी पूर्ण झालेल्या रचना मोजल्या, तेव्हा एक वगळता सगळ्या दुसऱ्या अ‍ॅपमधल्या निघाल्या. तेव्हापासून मी दिसण्याला सजावट मानत नाही.

नुसते ‘अमुक अ‍ॅप सुंदर आहे’ असे न लिहिता, कोणत्या क्षणी त्या रूपामुळे आपले काम अडले किंवा पुढे सरकले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

हार्डवेअर सिंथवरून आयपॅडकडे वळलेला वादक

कॉर्ग या कंपनीच्या १९७८ सालच्या एमएस-२० या सिंथचे चित्र जसेच्या तसे पडद्यावर आणणारे आयएमएस-२० हे अ‍ॅप २०१० मध्ये आयपॅडवर आले. मूळ वाद्य हाताळलेले असल्यामुळे मला नव्याने काही शिकावे लागले नाही. कटऑफचा, म्हणजे फिल्टर कुठून गाळू लागतो ते ठरवणारा नॉब (फिरवायची खुंटी) जिथे असायला हवा तिथेच होता आणि सिंथचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलीही ओळखीच्या जागी जोडता येत होत्या. परंतु चित्रातला नॉब हा नॉब नसतो, हे लवकरच कळले. खरा नॉब बोटांना जाणवतो, त्यामुळे नजर दुसरीकडे ठेवता येते. काचेवर प्रत्येक वेळी बघावे लागते, आणि जो आकडा बघायचा तोच बोटाखाली झाकला जातो. त्यातही काही अ‍ॅप्समध्ये नॉबभोवती बोट गोल फिरवावे लागते, काहींमध्ये वर-खाली सरकवावे लागते, आणि चित्र मात्र दोन्हीकडे एकसारखेच असते.

२०१३ मध्ये आयफोन-आयपॅडची आयओएस ७ ही प्रणाली आली आणि सपाट रूपाची लाट आली. धातूची चकाकी आणि लाकडी कडा गेल्या, याचे मला वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की, कशावर बोट ठेवायचे आणि काय नुसते वाचायचे हा भेदही अनेक अ‍ॅप्समधून त्यांच्याबरोबर गेला. नॉबखालची सावली ‘हे फिरते’ एवढे तरी सांगत होती. नक्कल जावी, पण ती जे सांगत होती ते दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने सांगितले जावे, असे माझे ठाम मत आहे. २०११ मध्ये आलेल्या मूग या सिंथ कंपनीच्या अ‍ॅनिमूग या अ‍ॅपने ते मला करून दाखवले: त्यात कीबोर्डची पट्टी दाबून धरून बोट तिच्या लांबीवर सरकवले की त्या एका सुराचा पोत बदलतो. काचेवर जे सहज शक्य आहे, त्याचाच विचार करून ती पट्टी रेखाटलेली आहे.

केवळ फोनवर गाणी रचणारी

माझ्याजवळ प्रवासात फोनखेरीज काही नसते, म्हणून हिशेब मांडते. पियानोच्या एका सप्तकाची रुंदी साधारण १६.५ सेंटीमीटर असते. आडव्या धरलेल्या बहुतेक फोनचा पडदा तेवढाही लांब नसतो. म्हणजे फोनवर पियानोचे चित्र काढायचे ठरवले, की पट्ट्या बोटापेक्षा अरुंद करणे किंवा सप्तक तोडणे एवढेच पर्याय उरतात. गॅरेजबँड या अ‍ॅपलच्या संगीत अ‍ॅपच्या कीबोर्डमध्ये स्केल (ठरावीक सुरांचा संच) निवडले की केवळ त्या स्केलचे सूर पट्ट्यांच्या रूपात उरतात. माझ्या बहुतेक चाली त्याच पट्ट्यांवर सुचल्या आहेत.

दाबायच्या जागेचा किमान आकार अ‍ॅपलच्या मार्गदर्शक तत्त्वांत ४४ बाय ४४ पॉइंट आणि अँड्रॉइडच्या तत्त्वांत ४८ बाय ४८ डीपी असा दिलेला आहे (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरची मापे). मी वापरत असलेल्या एका अ‍ॅपमध्ये ट्रॅक (एका वाद्याचे किंवा गळ्याचे रेकॉर्डिंग) म्यूट करण्याचे आणि पुसण्याचे बटण याच्या जेमतेम निम्म्या आकाराचे आणि एकमेकांना चिकटलेले होते. अंगठा किंचित सरकला आणि एका दमात नीट जमलेले गायन पुसले गेले. ‘अनडू’ एका मेनूच्या आत होते. ते सापडेपर्यंत मी घाईत आणखी दोन चुका केल्या होत्या. ते गाणे मी पुन्हा गायले, पण पहिल्यासारखे जमले नाही.

मिक्सिंग करणारा

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, कारण सुंदर पडद्याने माझे नुकसान केलेले आहे. एका इक्वलायझरमध्ये (आवाजातल्या वरच्या-खालच्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनात) रंगीत वक्ररेषा होती आणि तिच्यामागे आवाजाचा आलेख सतत हलत असे. एका संध्याकाळी गायकाचा आवाज उजळ करण्यासाठी मी वरच्या फ्रिक्वेन्सी हळूहळू उचलत होतो आणि फरक मला स्पष्ट ऐकू येत होता. पंधरा मिनिटांनी लक्षात आले की तो इफेक्ट बंदच होता. रेषा वर जाताना दिसत होती, म्हणून कानाने आवाज उजळ झाल्याचे मान्य केले होते. कान डोळ्यांचे किती ऐकतो, याची तेव्हा मला भीती वाटली.

वेव्हफॉर्म (आवाजाच्या लहरींचे चित्र) आणि ग्रिड (ठोक्यांच्या उभ्या रेषा) यांच्या बाबतीतही असेच घडते. ढोल रेषेच्या थोडा मागे दिसला की हात आपोआप त्याला रेषेवर आणून ठेवतो, आणि गाण्यातला झुलता डौल नाहीसा होतो. वादकाने तो ठोका विचारपूर्वक मागे ठेवलेला असतो, ते चित्रात कुठेही लिहिलेले नसते. आता मिक्स तपासताना मी फोन पालथा ठेवतो आणि जे खटकेल ते कागदावर टिपतो. दिसण्याला महत्त्व आहे, हे मला मान्यच आहे. ते इतके आहे की अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आलेख झाकण्याची सोय प्रत्येक इक्वलायझरमध्ये द्यावी.

धागाकर्ता

वरील अनुभव वाचून एक प्रश्न पडला. आपण सगळे डोळ्यांना काय दिसते याबद्दल लिहीत आहोत. ज्यांना वेगळे दिसते किंवा दिसत नाही, त्यांचा अनुभव काय आहे?

रंगांधळेपण असलेला बीटमेकर

मला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये असे सुमारे ८ टक्के असतात, म्हणजे माझी गोष्ट दुर्मीळ नाही. रेकॉर्डिंगसाठी तयार असलेला पॅड (बोटाने वाजवायचा चौकोन) लाल आणि वाजत असलेला पॅड हिरवा, एवढाच फरक ठेवलेल्या एका अ‍ॅपमध्ये मी चांगल्या लूपवर (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावर) पुन्हा रेकॉर्ड केले आहे. रंगाबरोबर एखादे चिन्ह किंवा लुकलुकणारी कडा दिली असती, तर पुरले असते.

दृष्टिहीन संगीतकार

मी पडदा पाहत नाही, तरी या प्रश्नावर माझ्याइतके अवलंबून असणारे थोडेच असतील. आयफोनमध्ये २००९ पासून, म्हणजे थ्रीजीएस या मॉडेलपासून, व्हॉइसओव्हर हे पडदा वाचून दाखवणारे साधन आहे. अ‍ॅप प्रचलित बटणे आणि स्लायडर वापरून बनवलेले असेल, तर त्यांची नावे आणि मूल्ये मला ऐकू येतात. परंतु पडदा वेगळा आणि देखणा दिसावा म्हणून जेव्हा सगळे चित्र स्वतंत्रपणे रंगवले जाते आणि त्यातल्या घटकांना नावे दिली जात नाहीत, तेव्हा व्हॉइसओव्हरच्या दृष्टीने तो पडदा रिकामा असतो. विकत घेतलेल्या एका सिंथमध्ये मला ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू आले. कोणते बटण काय करते हे मी दाबून शोधले, पाठ केले, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांचा क्रम बदलला.

गॅरेजबँड मी व्हॉइसओव्हरच्या साहाय्याने वापरतो. ट्रॅक, आवाजाची पातळी, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे) हे सारे नावानिशी सांगितले जाते. माझ्यासाठी रचना म्हणजे बोट फिरवताना काय कशानंतर येते आणि त्याला काय म्हटलेले आहे. फिल्टरचे नियंत्रण एकत्र, एन्व्हलपची चारही मूल्ये ओळीने, असे जिथे असते तिथे मी कोणत्याही डोळस वादकाइतक्या वेगाने काम करतो. माझा अंदाज असा आहे की ज्या अ‍ॅपचा पडदा ऐकायला गोंधळाचा आहे, तो बघायलाही गोंधळाचा असणार. डोळस वाचकांनी हे पडताळून सांगावे.

अ‍ॅप बनवणारी

वरचा प्रतिसाद वाचून मी काल माझे स्वतःचे अ‍ॅप डोळे मिटून वापरून पाहिले. अकरा नॉबना नावे नव्हती. ती दिली आहेत.

बनवणाऱ्यांच्या बाजूने एक अडचण सांगते. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असताना २५६ नमुन्यांचा बफर (आवाजाचा एका वेळी पुढे द्यायचा तुकडा) सुमारे ५.८ मिलिसेकंदांत भरून द्यावा लागतो, तर सेकंदाला ६० वेळा रंगवल्या जाणाऱ्या पडद्याच्या एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्र उशिरा आले तर डोळा क्षमा करतो, आवाज उशिरा आला तर खटका ऐकू येतो. म्हणून ही दोन कामे एकमेकांपासून अलग ठेवावी लागतात. माझ्या पहिल्या आवृत्तीत सुंदर हलणारे मीटर होते आणि जुन्या फोनवर त्यांच्यामुळे आवाज तुटत असे. शिवाय २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर एयूव्ही३ (एक अ‍ॅप दुसऱ्याच्या आत चालवण्याची पद्धत) आल्यापासून माझा सिंथ दुसऱ्या अ‍ॅपच्या खिडकीतही उघडतो, कधी पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. पूर्ण पडद्यासाठी आखलेले नॉब तिथे मसुराएवढे होतात. आता मी आधी ती लहान खिडकी आखते आणि मोठा पडदा नंतर.

मंचावर वाजवणारा

घरी सर्वांत देखणे वाटणारे अ‍ॅप मंचावर मला सर्वांत आधी सोडून गेले. गडद करड्या पार्श्वभूमीवर फिकट करडी अक्षरे होती. निळ्या दिव्याखाली त्यातले एकही वाचता आले नाही आणि मी दुसऱ्याच गाण्याचा प्रीसेट (आधी जपून ठेवलेला आवाज) सुरू केला. गायिकेने दोन मात्रांत सूर सावरून घेतला, त्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. हल्ली कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी खोलीत अंधार करतो, टॅब्लेट स्टँडवर हातभर दूर ठेवतो, बोटे ओली करतो आणि सगळी गाणी क्रमाने वाजवतो. जे अ‍ॅप त्यात चुकायला लावते, त्याचे आवाज मी सॅम्पल (रेकॉर्ड) करून मोठ्या पॅडच्या सॅम्पलरमध्ये (असे आवाज वाजवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) घेतो आणि ते अ‍ॅप घरी ठेवतो.